शांताक्का मोकळी

मुरुम, शनिवार

तीर्थरूप शंभुलिंगमामा यांना भाचा शिवप्रसाद याचा, छपाईच्या दुकानाचं शटर ओढून, हाताची शाई धुऊन, वाकून नमस्कार. इकडं सगळे ठीक. (आईचा गुडघा सोडून, तो कधीच ठीक नसतो, पण त्याची चौकशी केली की तिला बरं वाटतं.) तुमची साखर आणि मामींची कंबर कशी आहे ते कळवा. पाकिटावरचं अक्षर बघून दचकला असाल. हे तर अक्काचं अक्षर, असं म्हणाला असाल. बरोबर म्हणालात. आधी पाणी प्या, मग पुढं वाचा.

माझ्या बहिणीच्या, निकिताच्या लग्नपत्रिकेत वधूच्या मामांचं नाव 'श्री. शुंभलिंग' असं छापलं गेलं आणि तुम्ही लग्नाला आला नाहीत. मराठीच्या निवृत्त मास्तरांचं नाव दोन तालुक्यांत शुंभ म्हणून वाटलं गेलं, म्हणजे राग रास्तच. तुमच्या जागी शेजारच्या महांतप्पांनी निकिताला मांडवात आणलं, त्यांना वाटेत शिंका आल्या आणि आई पदराआड रडली. (शिंकांमुळं नव्हे.) पुढं तुम्ही निरोप धाडलात, की अक्का स्वतःच्या हातानं माझं नाव नीट लिहील तेव्हाच तिच्या उंबऱ्यात पाय ठेवीन. आईनं उलट निरोप धाडला, की माझा हात दुखतो. दोष खरं तर माझ्या कॉम्प्युटरमधल्या जुन्या फॉन्टचा. 'भु'चा उकार एक घर मागं सरकला आणि दोन घरं तुटली. म्हणून मी नवा फॉन्टच तयार केला, आईच्या हस्ताक्षराचा.

डोळ्यांच्या डॉक्टरनं लिहून मागितलंय असं सांगून तिच्याकडून बाराखडी आणि जोडाक्षरं उतरवून घेतली आणि एकेक अक्षर कॉम्प्युटरवर चढवलं. नाव ठेवलं 'शांताक्का मोकळी'. मोकळी अशासाठी, की ही अक्षरं छापील अक्षरांसारखी प्रार्थनेच्या रांगेत उभी राहत नाहीत. शिरोरेघ शब्द सुरू झाल्यावर जरा उशिरानं येते आणि संपायच्या आत निघून जाते. 'क' शेजारच्याच्या खांद्यावर रेलून बसतो. आणि 'ळ' तर तुम्ही लांबूनच ओळखला असेल. तुम्ही दोघं लहानपणी आळंदच्या कानडी शाळेत जात होता ना, तिचा 'ळ' अजून तिकडून पुरता मराठीत आलेला नाही.

सुरुवातीला गिऱ्हाइकांनी नाकं मुरडली. भेळवाले वीरप्पा आपली पाटी बघून म्हणाले, "हे काय घरच्या बाईनं किराणा लिहून दिल्यावानी दिसतंय की." मी म्हटलं, तेच तर पाहिजे. आता लोक ती पाटी वाचून घरगुती भेळ म्हणून खातात. (भेळ तीच आहे.) बसथांब्यावर 'इथं थुंकू नये' हे या अक्षरात लावलं, तर माणसं थांबून वाचतात आणि कुणीतरी आपल्याला मायेनं सांगितलंय अशा चेहऱ्यानं चार पावलं पुढं जाऊन थुंकतात. एका दहाव्याच्या पत्रिकेला मात्र हा फॉन्ट चालला नाही. पाहुण्यांना वाटलं बारसं आहे. एकजण झबलं घेऊन आला.

पण खरा झेंडा रोवला तो एका नोटिशीनं. आमच्या जवळच्या गावचे कोंडीराम आणि त्यांचा धाकटा भाऊ कृष्णराज यांच्यात बांधावरून बोलणं बंद होतं. कोंडीरामांच्या वकिलानं चार पानी नोटीस टाइप करायला आणली आणि ती माझ्या नजरचुकीनं आईच्या अक्षरात निघाली. वकिलानंही घाईत न बघता सही ठोकली. कृष्णराजला वाटलं भावानंच लिहिलंय. (कोंडीरामांच्या हातात पेन गावात कुणी पाहिलेलं नाही, पण माया आंधळी असते.) तो नोटीस घेऊन भावाच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, "दादा, माझ्यासाटी चार पानं लिहीत बसलास व्हय? 'सदरहू इसम' म्हन, काय बी म्हन, पर आठवण तर काढलीस." दोघांनी मिळून मधला बांधच काढून टाकला, वकिलानं माझ्या दुकानाकडं बघणं सोडलं. त्या दिवशी मी जग जिंकल्यासारखा घरी आलो. मामा, भांडणं मिटवणारा फॉन्ट अख्ख्या जिल्ह्यात दुसरा नाही.

तेव्हा आता वर पाहा: शंभुलिंग. उकार जागच्या जागी, अक्षर अक्काचं. तुमची अट अक्षरशः पूर्ण झालेली आहे. मामींना नमस्कार सांगा.

तुमचा आज्ञाधारक,
शिवप्रसाद

ता. क. : धाकट्या अर्पिताचं लग्न ठरलंय. पत्रिका तयार आहे, फक्त वधूच्या मामांची ओळ कोरी ठेवलीय. ती म्हणते, "मामा न्हाय तर मी खोलीतनं भाईर येनार न्हाय," आणि ती आईवर गेलीय, म्हणजे येणार नाही. महांतप्पांनी यंदा आपण होऊन नकार दिलाय. तुम्ही या.

दुसरा ता. क. : आईला यातलं काही ठाऊक नाही. पाकीट डकवून पोस्टात टाकायला तिच्याकडंच देतोय.

तम्मा, हे निळ्या शाईतलं मशीनचं न्हाय, माझं हाय, तुझ्या अक्काचं. पाकीट च्याच्या वाफंवर उघडलं. डोळ्याचा डाक्टर बाराखडी लिहून मागतो व्हय? मला तवाच कळलं हुतं. निकिताच्या पत्रिकेतला उकार सरकला, त्यो निस्त्या फॉन्टचा दोष न्हाय. प्वारानं छापायच्या आदी कागद मलाच वाचाय दिला हुता. मी वाचलं, लई हसले आन् तसंच जाऊ दिलं. आळंदच्या शाळंत जाताना मी तुला शुंभच म्हनत हुते, तवा तू ओ देत हुतास. मांडवात तू दिसला न्हाईस, तवापसनं त्ये हसू घशात अडकलंय. नाव माझ्या हातानं नीट लिहाय पायजे म्हनतोस न्हवं? हे घे: शुंभ. आता ओ दे आन् ये.