मॅडमचं वाण

मॅडम, तुमचं वाण आज मी माझ्या हाताने टाकून दिलं. हे तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून घाईघाईने लिहायला बसले, आणि अर्ध्या ओळीवर लक्षात आलं की आता तुम्हाला कुणाकडूनच काही कळायचं नाही.

किहीमच्या खडकावरून तुम्ही ते तपकिरी शेवाळ अलगद सोडवून आणलंत, तेव्हा मी तुमच्या प्रयोगशाळेत नोकरीला नवी होते. म्हसळ्याकडच्या भातशेतीतली पोर, समुद्राला घाबरणारी. तुम्ही थंड देशात केल्पवर शिकून आलेल्या. माणसापेक्षा उंच वाढणारं ते शेवाळ दोरांवर लावून तिथले लोक समुद्रात शेती करतात, हे सांगताना तुमचे हात छतापर्यंत जायचे. "आपल्या ऊन पाण्यात केल्प टिकायचं नाही गं. पण हा त्याचा गरीब चुलतभाऊ आहे ना, त्यालाच शेती शिकवू." टाकीत कोवळी रोपं दिसली तेव्हा माझ्या तोंडून भाताच्या रोपांच्या वाफ्याचा गावाकडचा शब्द निघून गेला, "मॅडम, राब छान उगवलाय!" तुम्ही पोट धरून हसलात. "अगं, राबाची जमीन पेरणीआधी भाजतात. इथे पाण्यात काय भाजणार तू?" दुसऱ्या दिवशी टाकीवर तुमच्याच अक्षरात पाटी होती : 'राब. हात लावू नये.' अजूनही सगळे त्या टाक्यांना राबच म्हणतात. शब्द कुठून आला, हे विचारायचं कुणाला सुचत नाही.

तुमचं बोलणं मात्र मिरचीसारखं. उन्हाला न टिकलेलं एक रोप मी चांगल्या रोपांमागे लपवलं होतं, ते तुम्ही बरोबर शोधलंत. "दया करायची असेल तर घरी मांजर पाळ. इथे निवड करायची. जे टिकत नाही ते टाकायचं, नाहीतर दोर लावणाऱ्या बायकांच्या हाती काय देणार आपण?" मी रडले, तुम्ही चहा पाजलात, पण रोप माझ्याकडूनच टाकून घेतलंत.

खडकावरच्या त्या एका झाडाचे तुकडे करत करत आपण वाण वाढवलं. बी नव्हे, तुकडाच. म्हणजे तुमच्या मागे इतकी वर्षं बाटलीत जगत होतं ते त्याचं पोर नव्हतं, तुमच्या बोटांनी सोडवलेलं तेच झाड होतं. हे मी कुणाला बोलून दाखवलं नाही. वैज्ञानिक बाईने असं बोलू नये.

अलीकडे पाणी फारच तापतं. या हंगामात दोरांवर तुमचं वाण पांढरं पडून गळू लागलं. शेजारच्याच दोरावर आम्ही केलेला नवा संकर मात्र टरारून वाढतोय. तराफ्यावरची मावशी गळका तुकडा हातात धरून म्हणाली, "बाय, यो आपल्या मॅडमचा हाय ना? मंग यो का असा पडलाय?" मी म्हटलं, "थकलाय, मावशी." तिने तो तुकडा पाण्यात सोडून दिला. मग म्हणाली, "नवाच लाव गं. आमाला पोटाला पायजे." तिचं काही चुकलं नाही. मला ती त्या क्षणी शत्रू वाटली.

प्रयोगशाळेत बाटल्यांमध्ये जपलेलं मूळ वाण वाचवायला मी महिनोन् महिने धडपडले. पाणी गार केलं, उजेड कमी केला. शेवटच्या बाटलीतही पांढरेपणा आला आणि तो शेजारच्या नव्या संकराच्या बाटल्यांत पसरेल अशी भीती होती. नियम तुमचाच. ब्लीच ओतलं तेव्हा त्याचा तपकिरी रंग हळूहळू पाण्यात उतरला आणि मी हुंदके देत राहिले. तुम्ही गेलात त्या दिवशी खांदे देणारे पुष्कळ होते, आज मी एकटी होते.

हे पत्र कुठे टाकणार? टाकणार नाही. फक्त एक सांगते, हसू नका. तुम्ही गेल्यापासून रोज सकाळी त्या बाटलीजवळ जाऊन मी म्हणायचे, "मॅडम, पाणी बदलते हं." उद्या सकाळी तिथे गेल्यावर काय म्हणायचं, ते मला अजून सुचलेलं नाही.