आबाचं चरित्र अन् आबाचे डोळे

स्नेहल, तू आबाचं चरित्र लिहायला घेतलंस अन् माह्या घरचा माणूस कामातून गेला. हे आधी ऐक, बाकीचं मग.

आता जयभीम. तब्येत कशी आहे? तुही आई नीला सांगत होती, नागपुरात तू जेवण टाकून टाइप करत बसतेस. जेवत जा. विज्ञानकथेनं पोट भरत नाही, हे मी लग्न झाल्यापासून पाहून राह्यली.

दवनीवाड्याले तुह्या पुस्तकाचे कच्चे कागद पोचले. आबाले अक्षर दिसत नाही (दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू), म्हणून मीच वाचून दाखवते. माही शाळा चौथीपर्यंत. बोट ठेवून वाचते, जोडाक्षर आलं की थांबून पाणी पिते. पहिल्याच पानावर तू लिहिलंस की सेवकराम हे द्रष्टे लेखक आहेत. तेवढं ऐकलं अन् बुढा खाटेवर ताठ होऊन बसला. तेव्हापासून म्हशीले वैरण घालत नाही. (तशी म्हैस त्याले दिसतही नाही. परवा मीच उभी आहो समजून तिलेच चहा मागितला.)

अन् दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेतल्या नाटकात 'अग्निबाण पाहून प्रेक्षक थक्क झाले' हे कोणाले विचारून लिहिलंस? तो अग्निबाण म्हणजे माही धान ठेवायची बांबूची ढोली. आबानं ती रिकामी केली, चुना फासला, स्टेजवर उभी केली अन् चंद्रावर जाणाऱ्याचं काम करणारा धनीराम वरून आत सोडला. ढोलीले तोंड वरच असते, माणूस बाहेर कसा येईल, हे साऱ्या जगाचं भविष्य सांगणाऱ्याले सुचलं नाही. चंद्र आला, पडदा पडला, लोक घरी निघाले, तरी आतून धनीरामचं 'हे पृथ्वीवासीयांनो' चालूच. शेवटी मी विळ्यानं ढोली फाडून त्याले काढला. त्या वर्षी धान उघड्यावर राह्यलं. थक्क झाले ते उंदीर.

जाऊ दे ते. पण पाचव्या प्रकरणात तू त्याची ती गोष्ट घातलीस, डोळ्यात थेंब टाकला की मोतीबिंदू विरघळून जाते म्हणून. वर आपल्या मनानं जोडलंस, की आबाची सारी भाकितं खरी होत आली आहेत. झालं! आता ऑपरेशन नको म्हणते. थेंब निघेल, वाट पाहतो म्हणते. डॉक्टरनं सांगितलं, आणखी उशीर केला तर नजर परत येणार नाही. तुहा बाप चंद्रशेखर भांडून पाह्यला, मी शिव्या देऊन पाह्यल्या. काऊन जात नाही म्हटलं, तर म्हणते, "पुस्तकात तसं नाही, शामकला." काल विहिरीच्या काठाले ठेचकाळला. मी पदर खोचून धावली म्हणून चरित्र अजून चालू आहे.

तुही आजी,
शामकला

ता. क. पुस्तकात एक पान वाढव. आबानं गोंदियाले जाऊन ऑपरेशन करून घेतलं, असं लिही. द्रष्टा-बिष्टा काय लावायचं ते लाव.

आणखी एक. ते पान तू लिहायच्या आधीच मी काल त्याले वाचून दाखवलं. कोऱ्या कागदावर बोट फिरवलं, दोनदा पाणी प्याली. बुढ्यानं खाटेवरून पाय खाली सोडले. मग विचारते, "पहिले कोणता डोळा?" मी म्हटलं, उजवा. तर उजवाच लिही. येत्या सोमवारी गोंदियाले जाऊन राह्यलो. पट्टी सुटली की तो पहिले पुस्तकच मागणार, पान त्याच्या आधी इथं पाहिजे. या पत्राचं उत्तर तूच द्यायचं, तुह्या बापानं नाही (त्याच्या पोटात गोष्ट राहत नाही), अन् आबाचा फोन आला तर उचलायचा नाही, पानाचं विचारेल अन् तू खरं सांगून बसशील.