बिस्किटांच्या गाडीत घेतलेल्या जबाबाबाबत

प्रति,
मा. पोलीस अधीक्षक,
मुख्य कार्यालय.

विषय: बाल अत्याचार तपास कक्षाच्या दारास कडी मिळणे व एक ओळ लिहून मिळणेबाबत (अर्ज चौथा).

संदर्भ: १) यापूर्वीचे तीन अर्ज. २) मुद्देमालाच्या विनापरवाना वापराबद्दल अर्जदारास आलेली कारणे दाखवा नोटीस.

महोदय,

अर्जदार ही वरील कक्षातील एकमेव तपास अधिकारी आहे. कक्ष म्हणजे झेरॉक्सच्या खोलीत मशीनमागे ठेवलेले एक टेबल.

१. गेल्या महिन्यात आठ वर्षांची एक मुलगी मावशीसोबत जबाबासाठी आली. ‘मी शिकवणीला गेले तेव्हा’ इथपर्यंत ती आली असता आस्थापना विभागाचे लिपिक रजेच्या अर्जाच्या प्रती काढायला आत आले. त्यांचा दोष नाही. मशीन त्यांचेच आहे. मुलगी गप्प झाली ती झालीच.

२. दुसऱ्या खेपेस लिपिकांना विनंती करून थांबवले. परंतु कडी नसल्याने दार आपोआप उघडते. समोरच्या बाकावर याच गुन्ह्यात जामिनावर असलेले आरोपी, शिकवणीचे मास्तर, हजेरी लावण्यास बसले होते. ते मुलीकडे पाहून ओळखीचे हसले. मुलीचा फ्रॉक ओला झाला. मावशीने ओढणीने फरशी पुसली. अर्जदाराने त्याच दिवशी कडीची मागणी केली असता कार्यालयाकडून ‘शांतता राखा’ ही पाटी प्राप्त झाली. पाटी दाराला लावली आहे. दार उघडे असताना ती दिसत नाही.

३. तिसऱ्या खेपेस अर्जदाराने दोघींना आवारात उभ्या असलेल्या, बिस्किटांच्या जप्त गाडीत बसवले, कारण तिचे दार आतून लागते. मुलीने कडी स्वतः तीनदा तपासली, उलट्या क्रेटवर बसली आणि चाळीस मिनिटे बोलली. मावशीला ऐकवेना, ती मध्येच उतरली. मुलीने कडी पुन्हा लावून घेतली व पुढे सांगू लागली.

४. आरोपीच्या वकिलांनी हरकत घेतली की, गाडी दुसऱ्या गुन्ह्यातील मुद्देमाल असल्याने तिच्यातील जबाब ग्राह्य धरू नये. न्यायालयाचा आदेश असा की, सोमवारपर्यंत जबाब योग्य जागी पुन्हा घ्यावा. अथवा अशी जागा उपलब्ध नव्हती, असे कार्यालयप्रमुखांनी लेखी कळवावे, म्हणजे गाडीतील जबाबच ग्राह्य धरला जाईल.

५. नोटिशीचा खुलासा: आरोप मान्य. होईल ती शिक्षाही मान्य.

कडी जबाबाच्या रांगेतल्या इतर सात मुलांसाठी मागत आहे. या मुलीसाठी आपली सही हवी. ‘जागा नव्हती’ असे लिहिणे कार्यालयास कमीपणाचे वाटेल, याची अर्जदारास जाणीव आहे.

गाडीतून उतरताना मुलीने विचारले, “ताई, हे परत सांगावं लागेल का हो?” अर्जदाराने ‘नाही’ म्हणून सांगितले. असा शब्द देण्याचा अधिकार अर्जदारास नाही. तो आपणास आहे.

सोमवारपूर्वी उत्तर मिळावे, ही विनंती.

आपली नम्र,
(सही)
तपास अधिकारी, बाल अत्याचार तपास कक्ष
दिनांक: शुक्रवार, कार्यालय उघडताच

सोबत: ‘जागा उपलब्ध नव्हती’ ही ओळ, सहीसाठी टंकलिखित, दोन प्रती. (आपल्याच मशीनवर काढल्या. लिपिक बाहेर थांबले होते.)