बिस्किटांच्या डब्यातल्या सव्वीस गोळ्या

प्रिय अक्का,

तुझी स्मरणशक्ती शाबूत आहे. हे आधीच लिहून टाकतो, नंतर हिंमत खचेल.

गुडघ्याचं ऑपरेशन करून तुला घरी सोडलं, तेव्हा कागदावर दुखण्याच्या कडक गोळ्या लिहिल्या होत्या, तीस. तू विचारलंस, "एवढ्या कशाला गं?" नर्स म्हणाली, "सगळ्यांना तीसच लिहितात, आजी." तू चारच घेतल्यास. उरलेल्या बिस्किटांच्या डब्यात ठेवल्यास, "असू देत, लागल्या तर" म्हणून. आपल्या घरात औषध कधी कुणी फेकलंय?

माझी पाठ धरली होती. एका सभेआधी तुझ्याकडे आलो, तेव्हा डब्यातली एक घेतली. पाठ दुखायची थांबली, पण गोळ्या थांबेनात. महिन्याभरात डबा रिकामा.

तू डबा उघडलास आणि घाबरलीस. "मीच खाल्ल्या की काय रे?" आणि मी, व्यासपीठावर गरजणारा तुझा भाऊ, म्हणालो, "वय झालं, अक्का." तेवढ्यावरून तुझ्या लेकीने तुझ्या घराला कुलूप लावलं आणि तुला स्वतःकडे नेलं.

काल सभेत मी सरसकट तीस गोळ्या लिहिणाऱ्या डॉक्टरांना धारेवर धरलं. टाळ्या पडल्या. शब्दन् शब्द खरा होता, फक्त चोराचं नाव गाळलं होतं.

हे पत्र पाठवणार नाही. तू ते लेकीला दाखवून म्हणशील, "बघ, मामा किती छान लिहितो!" त्यापेक्षा उद्या आधी डॉक्टरांकडे जाऊन माझी चटक सांगतो, मग तुला घरी न्यायला येतो. लेकीसमोर बोलेन. भाषण करणार नाही.

तुझा,
डबा रिकामा करणारा धाकटा