हावोदची ग्वेन्लिअन

हावोद, ८ एप्रिल १९५७

ती. स्व. वन्संना,
सा. न. वि. वि. इकडे सर्व कुशल. कोकरं धडधाकट आहेत, ह्यांचा गुडघा कुरकुरतोच आहे.

रागावणार नसाल तर लिहिते. काल चॅपेलमधले डॅफोडिल मी ठेवले होते. पाद्रीबाबांनी ‘हावोदच्या ग्वेन्लिअनचे आभार’ म्हटलं आणि साऱ्या माना तुमच्याकडे वळल्या. तुम्हीही मान झुकवलीत. मी शेजारीच होते. घरी येताना हे हसत म्हणाले, तुमच्या दोघींच्या नावाची जुनी राणी तलवार घेऊन नॉर्मन सैन्यावर चालून गेली, तुम्ही दोघी फुलांवरून लढा.

येत्या फुलांच्या रविवारी, सगळं गाव कबरी सजवील तेव्हा, आजेसासूबाईंची कबर मी सजवू का? सुनेचा मान म्हणून विचारते.

माया पातळ होऊ देऊ नये.
आपली वहिनी,
ग्वेन्लिअन

चॅपेलमागचं घर, ९ एप्रिल

चि. सौ. ग्वेन्लिअन हिस,
अ. आ. मान आपोआप झुकली. आई गेल्यापासून हावोदच्या शेतावर मी राबले. हावोदची ग्वेन्लिअन म्हटलं की गावाला मीच आठवते, त्याला मी काय करू? दुकानातली मोर्विद म्हणते, तुला ‘ईवानची ग्वेन्लिअन’ शोभतं. वाईट आहे का?

तुला घर मिळालं, दूधघर मिळालं, मी रफू केलेल्या मोज्यांसकट माझा भाऊ मिळाला. आजीचं नाव मात्र मला ठेवलंय. कबर मीच सजवीन.

ईवानला लोणी कमी दे.
ग्वेन्लिअन

हावोद, ११ एप्रिल

ती. स्व. वन्संना,
सा. न. माझं नाव माझ्या आईबापांनी ठेवलं, तुमच्याकडून उसनं आणलेलं नाही.

काल ह्यांनी अंगणातून ‘ग्वेन्लिअन’ अशी हाक मारली. पिठाचे हात पुसत मी धावले. ते दूधघराच्या दाराकडे बघत होते, जिथे तुम्ही उभ्या असायचात. मला पाहिलं आणि काय हवं होतं तेच विसरले. मला घर मिळालं म्हणता. एकदा येऊन बघा, कसलं मिळालंय.

राग धरू नये.
ग्वेन्लिअन

चॅपेलमागचं घर, १२ एप्रिल

चि. सौ. ग्वेन्लिअन हिस,
अ. आ. तुझं पत्र वाचून आधी मला बरं वाटलं. मग बरं वाटल्याचं वाईट वाटलं.

आजीही बाहेरूनच आली होती, बाला गावाहून, लग्न होऊन. तिची नणंद म्हणे वर्षभर तिच्याशी धड बोलली नव्हती. तरी कबरीच्या दगडावर ‘ग्वेन्लिअन, हावोद’ असं आजीचंच नाव कोरलंय. त्या नणंदेचं नाव आज घरात कुणालाही आठवत नाही.

उद्या कबर तू धू. साबण नको, ओढ्याचं पाणी आणि खरखरीत ब्रश घे. शेवाळ अक्षरांत बसतं. रविवारी मी सगळ्यांच्या मागून रिकाम्या हातांनी येईन. कुणी विचारलंच तर सांगेन, फुलं हावोदच्या ग्वेन्लिअनने ठेवलीत. सांगताना माझ्या तोंडाकडे तेवढं बघू नकोस.

तुमच्या दोघांच्या मायेत मला कोपरा असू द्यावा.
चॅपेलमागची ग्वेन्लिअन