आईची मनगटी माळ

बिबवेवाडी, पुणे
९ जानेवारी २०२५

चि. अवनी हिस,
सप्रेम जय भीम.

पाकिटावरचं माझं अक्षर बघून दचकली असशील. बाबा फोन सोडून कागदावर कसे आले? सांगतो. आधी इकडची हालहवाल. थंडी बरी पडलीय. सोसायटीत पार्किंगवरून भांडणं नेहमीसारखी चालू आहेत. कोणी जिंकत नाही, कोणी थांबतही नाही.

मी एक नवीन उद्योग शिकलोय. हसशील. मोबाईलवर बघून बघून जपाची माळ करायला लागलो. सगळी नोकरी बसच्या वर्कशॉपमध्ये गेली, नट आवळणारे हात हे. सुईत दोरा घालताना घाम फुटला.

माळ आईसाठी. पडल्या पडल्या मन भरकटतं, म्हणून विहारातल्या ताईंनी तिला मण्यांवर जप शिकवला. लांब माळ पांघरुणात अडकायची, म्हणून मनगटात बसेल एवढी छोटी करायचं ठरवलं. चार फेरे झाले की एकशे आठ. मणी आणायला बोहरी आळीत गेलो. दुकानदार मकबूलभाई म्हणाले, "काका, सरकती गाठ मारा. हात बारीक झाला तरी माळ ओढून घेता येते."

मला रागच आला. "बारीक कशाला होईल? भरणार आहे आता," म्हटलं. आणि घरी येऊन आईला ते सांगत सांगतच मुद्दाम पक्की गाठ मारली, दोऱ्याची टोकं मेणबत्तीवर चिकटवून टाकली.

दिवाळीनंतर माळ कोपराकडे घसरायला लागली. मला वाटलं, दोरा ताणला असेल. नव्या दोऱ्यात ओवली. तरी घसरली. मग ती झोपलेली असताना मी थोडे मणी काढले. पुढे आणखी काढले.

परवा दुपारी जप करता करता ती थांबली.

"अहो, फेरा लवकर संपतो हल्ली."

"तुझा वेग वाढलाय."

"थापा मारू नका. मणी काढलेत ना?"

दुसऱ्या हाताने तिने स्वतःचं मनगट धरून बघितलं. "वर्कशॉपातही असंच का? टायर बसेना की बसच कापायची?" म्हणाली आणि जरा हसली. मग भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "त्या दुकानदाराचं ऐका. सगळे मणी परत घाला आणि सरकती गाठ मारा. अवनीचा हात माझ्या पहिल्या हाताएवढा आहे."

तुझ्या लग्नानंतर तिने तुझं नाव पहिल्यांदा घेतलं गं.

आता लपवत नाही. तिच्या पोटातलं दुखणं पसरलंय. डॉक्टर म्हणाले, घरीच ठेवा, आवडेल ते खाऊ द्या. तिला दोन चमचे पेजसुद्धा जड जाते. तुला कळवायचं नाही, असं तिने मला बजावलं होतं. "न सांगता लग्न केलं ना? मग आता सांगून बोलवायचं नाही. यायचं तर आपण होऊन येईल. फोन करायचा नाही." फोन मी केलेला नाही. पत्राचं ती काही बोलली नव्हती.

मी मधे पडून तुमचं जुनं भांडण मिटवणार नाही, मला ते जमतही नाही. कोण चुकलं ते तुम्ही दोघी बघा. पण ते बघायलाही दोघी लागतात.

पुष्करला घेऊन ये. जावयाचं तोंड तिने फोटोतच बघितलंय, तेही माझ्या मोबाईलमध्ये चोरून. स्टेशनवर मला येता येणार नाही, तिला एकटं ठेवता येत नाही. रिक्षा करा.

"तुला कोणी सांगितलं?" असं ती विचारेल. माझं नाव सांग. आधी माझ्यावर चिडेल, मग तुझ्यावर. ऐकून घे, उलट बोलू नकोस. चिडण्याएवढं बळ तिच्यात अजून आहे.

ते आहे तोवर ये.

तुझा,
बाबा