घरजावई इंजिन

शारजा, ४ नोव्हेंबर १९८३

ती. अब्बांस अन्वरचा सलाम, वि. वि.

मी खुशाल आहे. तुमच्या खोकल्याचं शमाने लिहिलं. बहिणीने कळवायचं आणि बापाने लपवायचं, ही कुठली रीत?

मालक गालिचे धुण्याच्या दोन नव्या गाड्या घेतोय. त्यातली एक माझ्या ताब्यात देणार. कोणती ते मी ठरवायचं. काम दोन्हींचं एकच. गाडी इमारतीखाली उभी करायची, नळी जिन्यावरून घरात न्यायची, गरम पाणी जोराने गालिच्यात मारायचं आणि मळासकट परत ओढून घ्यायचं. फरक इंजिनाचा. एकीत धुण्याचं मशीन गाडीच्याच इंजिनावर चालतं, गाडीला कायमचं जोडलेलं. आवाज कमी, मागे जागाही राहते. दुसरीत मशीनला स्वतःचं इंजिन. ते अख्खं धूड मागच्या दारातून आत सरकवून बसवायचं. हवं तेव्हा काढून दुसऱ्या गाडीत घालता येतं.

पहिलीचं काम शिकलेला माणूस मालकाला हातचा जाऊ द्यायचा नाही, म्हणून तिला पाच वर्षांचा करार. त्याबदल्यात दिलशादला इकडे आणायचे कागद तो करून देईल. दुसरीला करार दोनच वर्षांचा, मग मी मोकळा, घरी यायला. पण तोवर बायको तिकडे नि मी इकडे. दिलशादला यातलं काही कळवलेलं नाही. तुमचं मत येण्याआधी तिला आशेला कशाला लावू?

मालकाला वर्ष संपायच्या आत सांगायचं आहे. खोकल्याचं औषध घ्या आणि माझ्यावर रागवायला तब्येत ठेवा.

तुमचा,
अन्वर


पौड, १७ नोव्हेंबर १९८३

चि. अन्वर यास अब्बाच्या अनेक दुवा.

पत्र मी एकट्याने वाचलं, शमालाही दाखवलं नाही. वाचल्यापासून झोप नीट नाही. गरम पाणी ते किती गरम? हात भाजत नाही ना? नळी फुटली तर तू कुठे उभा असतोस, ते लिही.

माझं म्हणशील तर सरकवून बसवायचंच घे. एका इंजिनाच्या गळ्यात दोन कामं बांधू नयेत. गेल्या सुगीत हैबतरावांनी ट्रॅक्टरला पट्टा लावून मळणी चालवली होती. नेमकी तेव्हाच साळूबाईला दवाखान्यात न्यायची वेळ आली. पट्टा उतरेपर्यंत म्हातारी बैलगाडीतून पोचलीसुद्धा. तुझी गाडी बिघडली की मशीन बंद, मशीन बिघडलं की गाडी अडकली. वेगळ्या इंजिनाचा आवाज होईल, तर कानात कापूस घालत जा. धूर कोंडत असेल तर खिडकी उघडी ठेव.

धुळा मेंढरं घेऊन आला होता, त्याला बोललो. तो हसत सुटला. म्हणाला, बसायचं दुसऱ्याच्या घरात, आन् इंजिन आपलं येगळं, मंग ह्यो घरजावईच की वो, पटलं न्हाई तर भाईर काढायची बी सोय हाय. तेव्हापासून आम्ही दोघं त्याला घरजावईच म्हणतो. तू घरजावई घे.

दोन वर्षं बघता बघता जातील. दिलशाद इथे सुखात आहे, तिची काळजी करू नकोस. ती काही बोलतसुद्धा नाही.

पत्राला उशीर लावू नकोस, माझा जीव टांगणीला लागतो.

तुझा अब्बा,
अल्लाबक्ष


शारजा, ३० नोव्हेंबर १९८३

ती. अब्बांस सलाम, वि. वि.

हात भाजत नाहीत, कापूसही आणला. धुळामामांचं नाव इथल्या पोरांना सांगितलं, त्यांनाही आवडलं.

पण अब्बा, घरात काय झालंय? दिलशादचं पत्र आलं, चारच ओळींचं. ज्या घरात पडाल तिथे सुखी राहा, असं लिहिलंय. मी कधी येणार ते विचारलेलं नाही. मला बोल लावल्याशिवाय तिचं पत्र कधी संपत नाही, आणि या वेळी एक शब्द वाकडा नाही. मला भीती वाटते. तुम्ही म्हणता म्हणून घरजावईच घ्यायचं ठरवलंय, पण तुमचं उत्तर येईपर्यंत मालकाला होकार देणार नाही.

लवकर लिहा.

तुमचा,
अन्वर


पौड, ११ डिसेंबर १९८३

चि. अन्वर यास अब्बाच्या अनेक दुवा.

घाबरू नकोस, सगळे धड आहेत. गोंधळ आमच्या घरजावयाने केला. धुळाने घरी जाऊन बायकोला, तुकाबाईला, सांगितलं, आणि त्या बाईने अर्धंच ऐकलं. नदीवर धुणं धुताना ती बायकांना म्हणाली, अल्लाबक्षचा अन्वर तिकडं घरजावई व्हतोय, आन् म्हाताऱ्यानंच त्याला तसं लिवलंय. मागे दिलशाद बादली घेऊन उभी होती.

पोरीने मला एका शब्दाने विचारलं नाही. रोज आलं घालून चहा दिला, रात्री पाणी तापवून दिलं. सासऱ्यानेच दुसरं घर बघून दिलं असं मनात धरून ती माझं सगळं करत राहिली, आणि मी आपला चहा पीत बसलो. तुझं पत्र आल्यावर शमाला तिच्यामागे लावलं, तेव्हा कळलं.

लगेच धुळाला बोलावलं. तुकाबाईही आली, अंगठ्याने जमीन उकरत बसली. धुळाने खाट म्हणजे गाडी आणि बादली म्हणजे मशीन असं करून बादली खाटेवर सरकवून दाखवली, तोंडाने इंजिनाचा आवाज काढला. दिलशाद हसली, हसता हसता रडायला लागली. हसू संपलं तरी रडणं थांबेना. शमा म्हणाली की अब्बा, हे आजचं नाही, रोज रात्रीचं आहे. माझ्या कानावर कधी आलं नव्हतं.

मग दुसऱ्या गाडीचंही तिला सांगितलं, कराराचं आणि कागदांचं. तिने डोळे पुसले आणि एवढंच विचारलं, की त्या गाडीत पुढे किती माणसं बसतात.

तर तू ती गाडीच्या इंजिनावरचीच घे. बिघडेल तेव्हा बघू, तिकडे मिस्त्री असतीलच. मी ट्रॅक्टरचं लिहिलं ते खोटं नाही, पण तू लवकर घरी यावास हे त्यात जास्त होतं. माझं काय, शमा आहे, धुळा रोज येऊन डोकं खातो. पाच वर्षांत मी कुठे जात नाही. मात्र तिला गरम पाण्याच्या नळीजवळ उभी करू नकोस, आणि उन्हात डोकं झाकायला सांग.

पासपोर्टला फोटो लागतो म्हणून उद्या तिला पुण्याला घेऊन जातोय. फोटो गळ्यापर्यंतच येतो असं मी दोनदा सांगितलं. तरी सकाळपासून तांब्यात निखारे घालून अख्ख्या साडीला इस्त्री चालली आहे.

दोघं मिळून लोभ ठेवा, म्हणजे मला दुप्पट पोचेल.

तुझा अब्बा,
अल्लाबक्ष